प्रश्नही त्याचा, उत्तरही त्याचंच

इसोझाकीच्या नगर कचेरीत शिओमी यासुनोरीने छत्तीस वर्षं नोकरी केली. या छत्तीस वर्षांत सभागृहात बोलला गेलेला जवळजवळ प्रत्येक शब्द त्याचा होता. त्याच्या स्वतःच्या तोंडून मात्र तिथे एकही शब्द निघाला नव्हता.

सभा वर्षातून चार वेळा भरायची. पंधरा दिवस आधी नगरसेवक एकेक करून त्याच्या टेबलापाशी येत. "शिओमी-सान, या वेळी शाळेजवळच्या पुलाबद्दल काहीतरी विचारावं म्हणतो. जरा नीट मांडून द्या ना." तो मांडून द्यायचा. नगरसेवक पाठ वळवून जिना उतरला, की त्याच खुर्चीत, त्याच पेनाने तो नगराध्यक्षांचं उत्तर लिहायला घ्यायचा. प्रश्न डावीकडच्या ट्रेमध्ये, उत्तर उजवीकडच्या. आपणच चेंडू मारायचा आणि आपणच पलीकडे धावत जाऊन तो परतवायचा, असा हा खेळ होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आधी ठरवून न घेतलेला प्रश्न विचारला तर समोरच्याची फजिती होते, आणि चारचौघांत कुणाची फजिती करणं हा इसोझाकीत चोरीपेक्षा मोठा गुन्हा.

एकदा, अकरा वर्षांपूर्वी, त्याच्या हातून प्रश्नाचं आणि उत्तराचं पाकीट बदललं. विषय कचरा जाळायच्या भट्टीचा होता. नगरसेवक कुवाझोए उठले आणि भारदस्त आवाजात वाचू लागले, "सन्माननीय सदस्यांच्या सूचनेचा प्रशासन गांभीर्याने विचार करत आहे." ते बसले. मग नगराध्यक्ष उठले, त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "या बाबतीत प्रशासनाची नेमकी भूमिका काय आहे?" सभागृहाने माना डोलावल्या. सभेच्या अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. मागच्या बाकावर यासुनोरीला दरदरून घाम फुटला होता. जेवणाच्या सुट्टीत कुवाझोए स्वतः होऊन त्याच्याजवळ आले, नूडल्सचा वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, "आज फार मुद्देसूद लिहिलं होतंत हं." दुसऱ्या एखाद्याने त्या दिवशी राजीनामा दिला असता. यासुनोरीला हायसं वाटलं. आपण काहीही लिहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, हे त्याला कळलं आणि तो निर्धास्त झाला. माणूस इतक्या सहज निर्धास्त होतो तिथेच त्याचं आयुष्य संपतं, पण पगार सुरू राहतो.

हवामानाचं प्रकरणही त्याच्याच टेबलावरून मोठं झालं. सुरुवातीला ते राजधानीतल्या मोठ्या लोकांचं होतं. मग परिपत्रकं येऊ लागली. यासुनोरीने एकदा सरळ "समुद्र तापतो आहे" असं लिहिलं, तर वरून कागद परत आला. समासात बारीक अक्षरात शेरा होता: दिशा पुढे बघणारी असावी. तेव्हापासून त्याने एक वही केली. "संकट" आलं की "आव्हान" लिहायचं. काही वर्षांनी "आव्हान" जड वाटू लागलं, तेव्हा "संधी". "मेलं" नाही, "घटलं". "घटलं"ही नाही, "स्थित्यंतरातून जात आहे". नवीन कारकून ती वही झेरॉक्स करून नेत. गेल्या वर्षी नगराध्यक्षांनी कोटाला शाश्वत विकासाचा सतरा रंगांचा गोल बिल्ला लावला आणि इसोझाकी "शून्य कार्बन नगर" झाल्याचं जाहीर केलं. शून्य गाठायचं साल असं निवडलं, की तेव्हा सभागृहातला एकही माणूस जिवंत नसेल. ठराव एकमताने मंजूर झाला. भाषण अर्थात यासुनोरीचं होतं, आणि चांगलं होतं.

त्याची थोरली बहीण मिनेको एकाहत्तर वर्षांची. ती आमा, म्हणजे दम धरून समुद्राच्या तळाशी जाणारी आणि अवाबी शिंपले काढणारी बाई. बाप दारूत गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि यासुनोरी चार. त्या वर्षी ती पाण्यात उतरली, ती आजतागायत उतरते आहे. यासुनोरीची शाळा, कॉलेज, कचेरीच्या परीक्षेचा पहिला सूट, सगळं तिच्या श्वासावर झालं. ती स्वतः हे कधी बोलून दाखवत नसे. गाव मात्र दाखवत असे, आणि तो खाली बघत असे.

या बायकांचे कायदे कुठल्या कचेरीत लिहिलेले नव्हते, पण मोडत कुणी नव्हतं. तळहाताएवढी पट्टी प्रत्येकीच्या कमरेला असे. तिच्यापेक्षा लहान शिंपला निघाला तर परत खडकाला लावायचा. रबरी पोशाख आले तेव्हा त्यांनीच ठरवलं, घरात एकीनेच घालायचा. दोघींनी घातला तर थंडी वाजणार नाही, थंडी वाजली नाही तर बाई वर येणार नाही, आणि मग समुद्रात काही उरणार नाही. भूशिरापलीकडे नगराच्या ताब्यातली कागे नावाची खाडी होती. तिथे तळातून गार पाणी येई आणि माणूसभर उंचीचं शेवाळ उभं असे. कागेत नाइलाज झाल्याशिवाय उतरायचं नाही, असं त्यांच्या आज्यांनी सांगून ठेवलं होतं. साठ वर्षांत कुणी उतरलं नव्हतं.

आता नाइलाज झाला होता. गावासमोरचा तळ पांढरा पडला होता. शेवाळाचं पान नाही, शिंपला नाही, नुसते खडक आणि खडकांवर उनी, म्हणजे शेवाळावर जगणारे काळे, काटेरी, गोल समुद्री प्राणी. कचेरीच्या फलकावर कारण लिहिलं होतं: उनींनी शेवाळ खाल्लं. दर उन्हाळ्यात "उनी फोडा मोहीम" निघे, फोटो निघत, आणि सत्तरी ओलांडलेल्या बायका पाण्याखाली हातोडीने पोकळ, उपाशी उनी फोडत बसत. फलकाचा मजकूर कुणाचा, हे सांगायला नको. बायकांना खरं काय ते ठाऊक होतं. आधी समुद्र तापला, मग शेवाळ विरघळलं, मग हे उपाशी प्राणी उरले. चोर पसार झाल्यावर घरात भुकेल्या बसलेल्या पाहुण्याला बडवावं, तसा हा प्रकार.

ऑगस्टमध्ये मिनेको कागदात गुंडाळलेले चार शंख घेऊन यासुनोरीच्या घरी आली. पायरीवरच बसली.

"यासु, सप्टेंबरच्या सभेत मला बोलायला बोलावलंय. कागेचा निर्णय आहे. आम्हा अकराजणींच्या वतीने मीच बोलायचं ठरलंय. तू लिहून दे."

"काय म्हणायचंय ते सांग, ताई."

"दोनच गोष्टी. समुद्र तापलाय. कागे आम्हाला द्या."

"एवढंच?"

"आणखी काय? एका दमात मावेल तेवढंच बोलावं माणसाने. तुमच्या कचेरीची फुप्फुसं मोठी, तुम्ही तासभर बोलता आणि वर येताना हात रिकामेच."

तो हसला. तीही हसली. मग ती गंभीर झाली. "समोर काही उरलं नाही रे. कागे नाही मिळाली तर पुढच्या वर्षी आमचं किनाऱ्यावरचं खोपट बंद. म्हातारी फुकुए म्हणते, मी चूल विझवून मरेन. तू शिकलेला आहेस, तुझ्या हातात आहे."

ते खरंच त्याच्या हातात होतं, आणि पंचाईत तीच होती. कचेरीलाही कागे हवी होती. उभं शेवाळ कार्बन गिळतं, आणि तो कागदावर मोजून दाखवता येतो. शून्य कार्बन नगराला शून्य दाखवायला एवढी एकच जागा उरली होती. शेवाळात आमा उतरल्या तर मोजणी बिघडणार होती. गेल्या साठ वर्षांत ते शेवाळ कुणामुळे टिकलं, हा प्रश्न सभागृहात कुणी विचारणार नव्हतं, कारण यासुनोरीने तो लिहिलेला नव्हता.

दोन दिवसांनी उपनगराध्यक्ष हिरुकावा यांनी त्याला खोलीत बोलावलं. जवाचा गार चहा समोर ठेवला.

"तुमच्या भगिनी बोलणार आहेत म्हणे. उत्तम. घरचंच माणूस."

"हो."

"मार्चमध्ये निवृत्त होताय ना? आमा संग्रहालयाला संचालक हवाय. म्हटलं, समुद्राशी नातं असलेला कुणीतरी असावा." हिरुकावांनी कपाला बोट लावलं, चहा प्यायले नाहीत. "निवेदन जिव्हाळ्याचं असू दे. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल. फक्त दिशा..."

"पुढे बघणारी," यासुनोरीने वाक्य पूर्ण केलं.

"बघा! म्हणून तर तुम्ही."

यासुनोरीने दोन मसुदे लिहिले, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. पहिल्यात बहिणीची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी होती. तो कागद त्याने ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दुसरा लिहायला घेतला. दुसरा लिहिताना त्याचा हात अडखळला नाही. त्यात आज्या होत्या, वर येऊन दम सोडताना आमा घालतात ती शीळ होती, लाटांवरचा सूर्य होता. शेवटी होतं: "आम्ही आमांनी समुद्राकडून आयुष्यभर घेतलं. आता समुद्रालाही विसावा मिळावा, असं आम्हाला वाटतं. कागे खाडीचं भवितव्य आम्ही विश्वासाने नगराच्या हाती सोपवतो." तापलेला समुद्र "बदलत्या सागरी परिस्थितीत" बुडून गेला होता.

कागद द्यायला तो स्वतः खोपटात गेला. चुलीभोवती बायका अंग शेकत बसल्या होत्या. मिनेकोने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. ऐंशी वर्षांच्या फुकुएने मान वाकडी केली.

"यात कागे आम्हाला द्या, असं कुठंय ग?"

"हे काय. विश्वासाने सोपवतो."

"सोपवतो म्हणजे आपण मागतोय का देऊन टाकतोय?"

मिनेकोने भावाकडे पाहिलं. "यासु?"

अकराजणींचे डोळे त्याच्यावर होते. त्याने निखाऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कचेरीत असंच मागतात, ताई. आधी मान द्यायचा, मग आपोआप मिळतं."

"ऐकलंस?" मिनेको फुकुएवर उखडली. "म्हणे देऊन टाकतोय. शाळेत जायचं सोडून खेकडे पकडत बसलीस, तुला काय कळतं? माझा भाऊ आहे तो. माझ्या वाईटाचं लिहील का?"

बायका हसल्या. फुकुएही हसली आणि तिने यासुनोरीला चुलीतलं भाजलेलं रताळं सोलून दिलं. त्याने ते खाल्लं. गरम होतं, जीभ पोळली, तरी त्याने सगळं संपवलं. घरी जाताना त्याला स्वतःची किळस आली. पण किळस येणं म्हणजे आपण अजून चांगले आहोत, अशी त्याने समजूत करून घेतली. असली माणसं किळसेवरही भागवतात.

मिनेकोने ते निवेदन सात दिवस पाठ केलं. कागद बघून बोललं तर खोटं वाटतं, असं तिचं म्हणणं. ती उनी फोडून वर आली की होडीच्या कडेला धरून शीळ घालत दम सोडायची, आणि मग पुटपुटायची, "बदलत्या सागरी परिस्थितीत..." त्याच दिवसांत गावभरच्या भोंग्यांवरून रोज घोषणा व्हायची: उष्णता जास्त आहे, वृद्धांनी विनाकारण बाहेर पडू नये. तीही यासुनोरीनेच लिहिलेली.

सभेच्या दिवशी टीव्हीवाले आले होते. काटकसर म्हणून एरवी अठ्ठावीसवर असणारा एसी त्या दिवशी तेवीसवर होता, कॅमेऱ्यात कुणाचा घाम दिसू नये म्हणून. हिरुकावांच्या सूचनेवरून मिनेकोला जुना पांढरा पोशाख घालायला लावला होता आणि डोक्याला चांदणीची खूण शिवलेला रुमाल. त्या पोशाखात पाण्यात उतरून तिला चाळीस वर्षं झाली होती. ती उभी राहिली, तिने दीर्घ श्वास घेतला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बोलली. कुठे अडखळली नाही. "विश्वासाने नगराच्या हाती सोपवतो" म्हणताना तिने हात पुढे केला. तो हावभाव मात्र तिचा स्वतःचा होता, मसुद्यात नव्हता. दोन नगरसेवकांनी डोळे पुसले.

मग कुवाझोए उठले. "आमा भगिनींच्या या उदार भावनेचा नगर कसा आदर करणार?"

मग नगराध्यक्ष उठले. "स्वतः आमांनीच समुद्राला विसावा देण्याची विनंती केली आहे. त्यांच्या इच्छेला मान देऊन कागे खाडी शून्य कार्बन संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर करावी आणि दहा वर्षं तिथे कुणालाही प्रवेश नसावा, असा प्रस्ताव मी मांडतो."

या वेळी पाकिटं बदलली नव्हती. टाळ्या झाल्या. कचेरीची भाषा एवढ्या भराभर मिनेकोच्या कानात शिरत नसे. सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून तिनेही वाजवल्या, आणि गर्दीत भावाला शोधून हसली. ती टाळी वाजवत होती तोपर्यंत तो तिच्याकडे बघू शकला. नंतर नाही.

जिन्यात तिने विचारलं, "मिळाली ना रे कागे?"

"प्रक्रिया सुरू झालीय," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात कागेच्या वाटेवर फलक लागला. शून्य कार्बन संरक्षित खाडी. इसोझाकीच्या आमांच्या विनंतीवरून प्रवेश बंद. खाली हात पुढे केलेल्या मिनेकोचा फोटो होता. तो चांगला मोठा छापला होता.

खोपटात तिला कुणी शिवी दिली नाही, चुलीपाशी जागाही पूर्वीसारखीच सोडली. फक्त तिचा कप कुणी भरेनासं झालं. ती आली की फुकुए म्हणायची, "या, विनंतीवाल्या बाई. विसावा घ्या." नव्या वर्षात तिघींनी पाण्यात जाणं सोडलं आणि आपले तराफे जळणाला दिले. फुकुएची चूल फेब्रुवारीत विझली, फुकुए मात्र जिवंत राहिली. रोज खिडकीशी बसून ती फलकाच्या दिशेने बघायची.

मार्चच्या मध्यावर हंगाम उघडला. पहिल्या दिवशी सकाळी मिनेको एकटीच होडी वल्हवत भूशिरापलीकडे गेली. कागेच्या बाजूने शीळ ऐकू आली, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरी, असं मासे धरायला गेलेल्या लोकांनी नंतर सांगितलं. गस्तीच्या होडीने तिला पकडलं तेव्हा तिच्या जाळीत तीन शिंपले होते. तिन्ही पट्टीपेक्षा मोठे. चौथा लहान निघाला म्हणून तो परत लावायला ती पुन्हा खाली गेली, आणि त्यातच सापडली.

नोटीस दुसऱ्या दिवशी निघाली. संरक्षित क्षेत्रात अनधिकृत प्रवेश, सात दिवसांत लेखी माफीनामा, अन्यथा परवाना रद्द. नगराध्यक्षांचा शिक्का, मजकूर यासुनोरीचा. निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. काम टाळता आलं असतं, पण त्याला वाटलं, निदान भाषा तरी सौम्य राहील.

ती कचेरीत आली, तिने मशिनमधून नंबरचा कागद घेतला आणि बाकावर बसली. तिच्याआधी चौघं होती. यासुनोरी काचेमागून बघत राहिला. नंबर आला तेव्हा ती काउंटरपाशी आली, नोटीस उलगडून ठेवली आणि बाजूला सहीऐवजी मारायच्या आपल्या नावाच्या गोल शिक्क्याची डबी ठेवली.

"शिओमी-सान, हे पत्र आलंय. माफीनामा लिहून द्यायचाय."

"ताई, संध्याकाळी मी घरी येतो ना..."

"घरी कशाला? कचेरीचं काम कचेरीतच बरं. लिहा तुम्ही. तुमच्यासारखं गावात कुणाला जमतं?"

मागे दोन कारकून टायपिंग थांबवून ऐकत होते. त्याने फॉर्म ओढला. नाव, वय, पत्ता त्याला विचारावं लागलं नाही. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"कारण काय लिहू?"

"समुद्र तापलाय."

त्याने खालच्या आवाजात म्हटलं, "असं लिहिलं तर वरून परत येईल. परवाना जाईल तुझा."

"मग तुम्ही काय लिहिता?"

"वैयक्तिक गैरसमजातून."

मिनेकोने थोडा वेळ त्याच्या हाताकडे पाहिलं. लहानपणी या हातात तिने पेन्सिल धरायला दिली होती. "बरोबर आहे," ती म्हणाली. "गैरसमजच झाला. लिहा."

त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, खाली तारीख टाकली आणि कागद तिच्याकडे फिरवला. तिने डबी उघडली, शिक्का तोंडाजवळ नेऊन "हाः" करून त्यावर श्वास सोडला आणि घट्ट दाबला. ठसा जरासुद्धा तिरका आला नाही.

"सात दिवस पाठ केलं होतं मी तुमचं," ती डबी बंद करत म्हणाली. "एक शब्द चुकले नाही. चुकले असते तर बरं झालं असतं."

ती दाराबाहेर पडेपर्यंत तो उभा होता. मग त्याने माफीनाम्यावर "प्राप्त" असा शिक्का मारला. नोटिशीची प्रत डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवली, माफीनामा उजवीकडच्या, आणि पुढचा नंबर पुकारला.